चोरलेला पान्हा

बादली उडून गोठ्याच्या भिंतीवर आदळली आणि मनीषा बसल्या जागी मागे कलंडली. तांबीने पाय खाली टेकवला आणि काही घडलंच नाही अशा थाटात गव्हाणीत तोंड घातलं.

"लागलं का गं?" उज्वला अंगणातून धावत आली.

"मला काय व्हायचंय, ताई." मनीषा गाऊन झटकत उठली. "पण या राणीसाहेबांना सुनेचा हात चालत नाय. सासूबाईंनी लय लाडावून ठेवलीय."

उज्वलाच्या वडिलांनी, पुंजाआबांनी, खाली वाकून गाईच्या कासेवर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला. उज्वलाची आई चतुराबाई गेल्यापासून तांबी पान्हा चोरत होती. वासराला जेमतेम पिऊ द्यायची. माणसाचा हात लागला की दूध वर चढवायची.

"कास दगडासारखी झालीय," आबा म्हणाले. "वासरू पिऊन पिऊन किती पिणार? आज मोकळी झाली नाय तर सडं जातील हिची." मग ते उज्वलाकडे न बघता म्हणाले, "तू बस. तिचं लुगडं नेसून बस."

धारेसाठी आईचं एक वेगळं लुगडं असायचं. निळं, विटलेलं, गोठ्यातल्याच खुंटीला टांगलेलं. तेराव्यानंतर घरातली लुगडी वाटून टाकली, तेव्हा या एकाची कोणाला आठवण झाली नव्हती.

"आबा, मी गाईखाली बसून किती वर्षं झाली!"

"हात इसरत नसतो."

उज्वलाने खुंटीकडे पाहिलं आणि मान फिरवली. अंगणात झेंडूच्या ढिगापाशी आरोही बसली होती. बाजारात न चालणारी बारकी फुलं वेचून वासराच्या तोंडापुढे धरत होती. वासरू हुंगायचं, खायचं नाही. ती दुसरं फूल धरायची.

उज्वलाची ही साडेचार वर्षांची मुलगी आजीच्या अंगाखांद्यावरच मोठी झाली होती. उज्वला नाशकात अध्यापक विद्यालयात शिकवायची. आरोही सोमवारपासून शनिवारपर्यंत इथे, मळ्यात. आजी गाईखाली बसली की ही तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. आजी गेली त्या सकाळी मात्र तिला शेजारी नेऊन ठेवलं, आणि संध्याकाळी सांगितलं की आज्जी सटाण्याला मावशीकडे गेलीय. आरोहीने "बरं" म्हटलं. त्यानंतर तिने आजीचं नाव काढलं नव्हतं. एकदाही नाही.

भेटायला आलेल्या धोंडाबाई ओट्यावर बसून म्हणाल्या होत्या, "मुकं जनावर बघा, दोन दिस चाऱ्याला तोंड लावलं नाय. आन् ही पोर! जिनं पोसलं तिला इचारीत बी नाय. लेकराची जात, बाई. समोर दिसंल त्याची."

उज्वलाने त्यांच्यापुढे चहा ठेवला होता. या वयाच्या मुलाला मरण म्हणजे परगावी जाणं वाटतं, हे ती दरवर्षी वर्गात शिकवायची. फळ्यावर लिहूनही द्यायची. ते खरंच होतं. पण रात्री आरोहीच्या अंगावर पांघरूण घालताना तिला वाटायचं, आणखी वर्षभराने आपली आई हिच्यासाठी भिंतीवरच्या फोटोतली एक बाई होऊन जाईल. परवा तिने मोबाइलवर आईचा फोटो काढून दाखवला, तर आरोही म्हणाली, "मांजरीचा व्हिडिओ लाव ना," आणि तोंड वळवलं.

"द्या, मी नेसवते," मनीषा लुगडं घेऊन आली. साडीवरूनच ते गुंडाळताना ती पुटपुटली, "कासोटा घट्ट घ्या. सुटला तर तांबी हसंल."

उज्वलालाही हसू आलं. मग पदर खांद्यावर आला आणि त्याच्याबरोबर शेणाचा, घामाचा, दुधाचा वास. मनीषाने बादली तिच्या हातात दिली आणि दुसरीकडे पाहिलं.

ती खाली बसली. तांबीने मान वळवून पदर हुंगला. मग खांदा, मग पाठ. तिचा गरम श्वास मानेवर आला तेव्हा उज्वलाने डोळे मिटले. गाईच्या अंगावरून एक शहारा गेला. कास सैलावली, आणि पहिली धार बादलीत वाजली.

मनीषाने तोंडाला हात लावला. आबा गोठ्याबाहेर गेले.

हात खरंच विसरले नव्हते. धारेवर धार पडत होती, बादलीत फेस चढत होता, आणि उज्वलाच्या मनात मात्र भलताच कडवटपणा दाटत होता. एवढंच ना? एका जुन्या कापडावर भागलं?

पावलं वाजली. आरोही दारात उभी होती. तिने लुगडं पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आता ही आज्जी म्हणून हाक मारेल, असं उज्वलाला वाटलं. तिने मारावी असंही वाटलं, मारू नये असंही.

आरोही हळूच आली, तांबीच्या तोंडाकडून नाही, मागच्या बाजूने. उज्वलाच्या कानाशी तळहाताचा आडोसा धरून कुजबुजली,

"मम्मी, तांबीला सांगू नको हं."

"काय?"

"आज्जी मेली ते."

उज्वलाचे हात थांबले.

"तुला... कोणी सांगितलं, बाळा?"

"कोणीच नाही." आरोहीने मान हलवली. "मीपण नाही सांगितलं कोणाला. आबांनापण नाही."

तांबीने एक पाय उचलून पुन्हा टेकवला.

"थांबू नको ना," आरोही घाईने म्हणाली. "तिला कळेल."

उज्वलाने पुन्हा धार काढायला घेतली. समोरचं नीट दिसत नव्हतं, पण बादलीत आवाज येत राहिला. आरोही तिच्यापासून बाजूला झाली. गाईला दिसेल अशी समोर जाऊन उभी राहिली आणि रोजच्यासारखी मोठ्याने विचारू लागली,

"आज्जी, झालं का गं दूध?"

तांबीचा एक कान वळला. आरोही वाट पाहत उभी राहिली.

"झालं गं बाय," उज्वला म्हणाली. "आणतेच."