सुकेळी आणि उंदीर

आमच्या भाविकेला कुठे काय बोलावं याची काडीची अक्कल नाही. नात माझी, म्हणून मी बोलते. दुसऱ्या कोणी बोलून बघावं.

ती मुंबईत एका संशोधनाच्या संस्थेत जाते. काम काय, तर उंदीर. मी बजावलं होतं, पाहुणे विरारचे, फ्लॅटातली माणसं. विचारलं तर औषधांचं काम म्हणायचं. स्थळ आणणाऱ्या शांतारामलाही मी तेवढंच सांगितलं होतं.

रविवारी पाहुणे आले. मुलगा श्रीरंग, बँकेत. आई लतिकाबाई, साडीची घडी मोडेल म्हणून जपून बसलेली. पोहे कोणीही करतं. मी आमच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची, स्वतः उन्हात वाळवलेली सुकेळी ठेवली. बाईंनी एक खाल्लं, मग दुसरं. म्हटलं, जमलं.

तेवढ्यात माळ्यावर नारळांपाशी लावलेला सापळा खाडकन मिटला आणि आत उंदीर चीं चीं करायला लागला. बाईंनी पाय वर घेतले. भाविकेने जाऊन सापळा खाली आणला, आत डोकावलं. "लहानसाच आहे. आमचे याहून स्वच्छ असतात."

"आमचे म्हणजे?" बाईंनी विचारलं.

झालं. माझ्याकडे न बघता ती सुरू झाली. "आपल्या फुफ्फुसात कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं. ते धूळ, जंतू धरून ठेवतं, मग पेशी ते गिळून टाकते. आमच्या काही उंदरांत ते प्रथिन जन्मापासूनच नाही. साध्या धुळीनेही त्यांची छाती सुजते. कशी, ते मी बघते."

"आणि बघून झाल्यावर?" श्रीरंगने विचारलं.

"मारावे लागतात. मीच मारते, त्रास न देता."

मी ताट पुढे सरकवलं. कोणी हात लावला नाही.

"लग्नानंतर हे घाणीतलं काम सोडशील ना?" बाई म्हणाल्या.

"नाही."

घाणीतलं. जन्मभर मी वाडीतली कुजकी केळी, शेण, मेलेल्या घुशी या हातांनी उचलल्या, तेव्हा बाईंना सुकेळी गोड लागली. पण दारी आलेल्या माणसाला बोलायचं नसतं. निघताना बाईंनी चार सुकेळी रुमालात बांधून घेतली. तेवढी घाण चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताराम आला. "मुलगी पसंत आहे, काकी. फक्त उंदीर सोडायचे."

भाविका कामावर निघाली होती. एक चप्पल पायात, एक हातात, तशीच थांबली. "आजी, तू म्हणशील तसं करीन," म्हणाली. इतकी बारीक बोलली की मला ओळखूच येईना. काल उंदरांवर बोलताना कशी खणखणीत होती.

मी शांतारामला विचारलं, "लतिकाबाईंच्या घरी केर कोण काढतं?"

"बाई येते कामाला."

"तरीच. जाऊन सांग, आमचं नाही म्हणून."

तो चहाला थांबला नाही. भाविकेने दुसरी चप्पल घातली, पण जागची हलेना. माझ्याकडे बघून हसत होती. वेंधळी कुठली.

म्हटलं, "हसतेस काय गो? पुढच्या वेळी उंदरांचं पहिल्यांदा सांगायचं, सुकेळी बाहेर काढायच्या आधी. फुकट खाऊन जातात मेले. चल, नीघ आता, तुझे उंदीर खोळंबले असतील."