करीच्या दिवशीचा केकचा बैल

मी एक जुना जर्मनचा गंज आहे, मित्रांनो. हसा, हसा. पोट काळं, एक कान तुटका, आणि बूड असं वाकडं की जमिनीवर ठेवलं की मी डुगडुगतो. गंज म्हणजे पातेलं आणि जर्मन म्हणजे अल्युमिनियम, बरं का. त्या देशाशी आपलं काही घेणं-देणं नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात अंबाबाईनं मला पसंत केलं तेव्हा इतके टोले मारून पाहिले, की मला वाटलं ही बाई भांडं नाही, ढोलकी घेऊन राहिली.

तिच्या घरी मी वरण शिजवलं, आंघोळीचं पाणी तापवलं, बोरं उकडली. मस्तीही भरपूर केली. अंबाबाईचा देवीदास लहानपणी मला कान धरून उचलायला यायचा, तेव्हा मी कान तापवून तयारच असायचो. चटका बसला की तो मला शिव्या द्यायचा आणि मी खदखदा उकळायचो. माझा एक कान त्यानंच आपटून तोडला. हिशेब बरोबर झाला.

मग देवीदासचं लग्न झालं. पोरगी सावरगावची, नाव छाया. सावरगाव म्हणजे काही लांब नाही. मधे जाम नदी, अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. पुलावरून चालत निघालं तर तोंडातली सुपारी संपायच्या आत माहेर.

छाया नागपूरला मावशीकडे राहून केक शिकून आली होती. आमच्याकडे कुठला ओव्हन? तिची नजर माझ्यावर पडली. सासूला म्हणाली,

"आत्याबाई, हा गंज मले द्या ना."

"अन् वरण कायच्यात शिजवू? तुह्या डोक्यात?"

पण दिला. छायानं माझ्या बुडाशी नदीची चाळलेली रेती पसरली, रेतीवर एक कडं ठेवलं, कड्यावर ताटली, आणि ताटलीत तूप लावलेल्या छोट्या वाट्या. वाट्यांत मैदा, पिठीसाखर, दही आणि चिमूटभर खायच्या सोड्याचा घोळ. अंडं नाही, अंबाबाईला चालत नव्हतं. वर झाकण, झाकणावर निखारे. थोड्या वेळानं असा वास सुटला की गल्लीतली सगळी पोरं दारात. वरणाच्या वासाला कधी कोणी आलं नव्हतं, मित्रांनो. मी फुगलो. एक वाटी मात्र दर खेपेला मुद्दाम जाळायचो. ती जळकी वाटी छाया गुपचूप स्वतः खायची. लोक मला 'केकवाला गंज' म्हणायला लागले.

आता पुढचं ऐका. पुढं हसायचं फार नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णा उभं राहतं, दुसऱ्यावर सावरगाव, आणि लोक एकमेकांना दगड मारतात. खोटे खोटे नाही, खरोखर मारतात. ज्यांच्या हाती झेंडा, ते जिंकले. या काठावरून छायाचा नवरा मारायचा. त्या काठावर तिचा धाकटा भाऊ अरविंद उभा असायचा. दरवर्षी त्या दिवशी छाया चुलीजवळ बसून राहायची. नदीकडून गलका आला की तिच्या हातातला चमचा माझ्या काठावर टकटक वाजायचा.

छायाची पोरगी शोभी करीच्याच दिवशी जन्मलेली. शहाऐंशी साली तिला पाचवं लागणार होतं. छायानं एक डाव रचला. डाव मला फार आवडतात, म्हणून मी कान देऊन ऐकलं. एकच कान, पण दिला.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवा," ती नवऱ्याला म्हणाली. "औंदा शोभीचा वाढदिवस हाय. घरीच राहान."

"राहीन ना माय! केक भेटून राहिला त नदीवर कोण जाते?" देवीदासनं हसत हात ठेवला.

अरविंदलाही तिनं निरोप धाडला, की मामाशिवाय भाची केक खाणार नाही. दोघं एका घरात बसले, की दगड कोण कोणाला मारतो!

पहाटेपासून मी चुलीवर होतो. घाण्यामागून घाणा. त्या दिवशी एकही वाटी जाळली नाही, देवाशपथ. छायानं मोठ्या परातीत ते छोटे केक मांडले आणि त्यांचा बैल केला, कारण लेकरांचा तान्हा पोळा होता आणि पोरं दारोदार लाकडी बैल फिरवून राहिली होती. दोन केकांचं तोंड, पाच-सहांचं अंग, चार पाय. वरून लोणी-साखर फेटून लावलं. चकलीची शिंगं, मनुकांचे डोळे, गळ्यात संत्र्याच्या गोळ्यांची घुंगरमाळ. शोभी त्याच्याकडे पाहून श्वास घ्यायला विसरली.

अरविंद आला. भाचीला खांद्यावर घेऊन नाचला. गल्लीतली पोरं गोल बसली, त्यांच्या आया भिंतीला टेकल्या. नदीकडून ढोल ऐकू येत होता. देवीदासचा पाय त्या तालावर हलत होता, पण बूड जमिनीला टेकलेलं होतं. छायानं सुरीला लाल रिबन बांधली आणि शोभीच्या हातात दिली.

"थांब!" अंबाबाई ओरडली. "पोळ्याच्या करीले बैलाले सुरी लावते? कालच पाय धुतले त्याचे, आरती केली!"

छायाचा चेहरा राखेसारखा. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवऱ्याला अन् भावाला अडवायच्या धांदलीत राहूनच गेलं होतं.

"कापाच नाई लागत आत्याबाई," ती घाईनं म्हणाली. "सुट्टे केक हायेत. एकेक उचलून घ्यायचा."

"मंग काय, बैलाचे पाय उपटून देशील लेकराईच्या हाती?"

आयांनी आपापल्या पोरांचे हात मागे ओढले. शोभीनं भोकाड पसरलं. आणि देवीदास उठला, मित्रांनो. कपडे झटकत, गालातल्या गालात हसत उठला.

"म्हणजे केक खाणं नाई. केक नाई त वाढदिवस कायचा? अन् वाढदिवस नाई त वचन कायचं?"

छायानं त्याचा शर्ट धरला. शर्टाची गुंडी तिच्या हातात राहिली. तो गेला.

"अरविंदा, तू तरी बस," ती भावाला म्हणाली.

"भाऊजी निघाले, अन् मी का बांगड्या भरून बसू?"

बाहेर दोघंही जोरात हसत होते. मला चुलीवरून ऐकू येत होतं.

"अरविंदा, डोकं खाली ठेवजो, मी वरून मारतो."

"तुमचा नेम मले मायती हाय भाऊजी. उभी म्हैस लागत नाई तुम्हाले!"

अरविंद पुलाकडे वळला, देवीदास काठाकडे.

दिवस कलताना देवीदास परत आला. गुलालानं लाल, खरचटलेला, खूश. झेंडा पांढुर्ण्यानं नेला होता. "आणा तो बैल," तो म्हणाला, "आता मीच खातो!" आणि त्यानं परातीतला एक केक उचलला.

तेवढ्यात दारात छायाचे वडील भगवंतराव येऊन उभे राहिले. पायात चप्पल नव्हती.

"छाया, चाल घरी," ते म्हणाले. "अरविंदाले आणलं हाय."

"लागलं का त्याले बाबाजी? दवाखान्यात नेलं का?"

भगवंतरावांनी डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंडाला लावला.

नदीवर त्या दिवशी हजारोंनी दगड उडाले होते. कोणाचा कोणाला लागला, ते कोणीच सांगू शकत नव्हतं. देवीदासही नाही. त्यानं हातातला केक परत परातीत ठेवला. जिथून उचलला होता, अगदी तिथंच, नीट बसवून. मग खालीच बसला.

तो बैल कोणीच खाल्ला नाही. मुंग्यांनी नेला.

पुढच्या वर्षी करीला देवीदास दिवसभर घरीच होता, भिंतीकडे तोंड करून. त्याला बसवायला काही लागलं नाही. अंबाबाईनं मला माळ्यावरून काढलं, स्वतः रेती चाळून माझ्या बुडाशी पसरली, चूल पेटवली.

"सूनबाई, बैल कर. पयला पाय मी तोडीन. सगळ्याइच्या देखत तोडीन."

छायानं माझ्याकडे पाहिलं.

"आता कोणासाठी करू, आत्याबाई?"

अंबाबाईनं चूल विझवली. त्यानंतर माझ्यात केक झाला नाही. आता मी अंगणात असतो, कोंबड्या माझ्यातलं पाणी पितात. मला घासा, चमकवा, असं काही मी मागत नाही. काळा आहे, बरा आहे.

मागणं एकच आहे, मित्रांनो. घरातलं कोणी तुम्हाला थांबवायला काही गोडधोड करून राहिलं असेल, तर ते कसं दिसतं, चालतं का, शोभतं का, हे नंतर बोला. आधी हात पुढे करा, एक उचला आणि तोंडात टाका. ढोल वाजायला लागायच्या आत.