माहूरच्या घाटात कामी आलेली छागल

माझ्याकडे पाहून तुम्हाला एखादं जुनं पोतं आठवेल. पण मित्रांनो, मी छागल आहे, जाड किंतानाची पाण्याची पिशवी. माझ्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी थंड होतं. मला बर्फ लागत नाही, वीज लागत नाही. याचा मला अभिमान आहे.

नांदेडला एका कारागिरानं मला शिवलं. चाळीस वर्षांपूर्वी माहूरच्या किल्ल्याच्या एका भिंतीची डागडुजी चालली होती. तिथं पंचफुलाबाई मजुरांना पाणी द्यायची, माझ्यातूनच. सुरुवातीला काही जण तिच्या हातचं पाणी घेत नव्हते. ऊन डोक्यावर आलं तरी कोरडे बसायचे. देगलूरकडच्या मडिवाळप्पा मिस्त्रीनं मात्र पहिल्याच दिवशी ओंजळ पुढं केली. "ओत बाई. तहानेनं काय भिंत उभी ऱ्हातीय का?" आठवडाभरात सगळ्यांच्या ओंजळी पुढं आल्या.

काम संपलं आणि मी हदगावला तिच्या घरी खुंटीवर गेले. तिथं वर्षानुवर्षं धूळ खात होते.

यंदा माघ सरताना पंचफुलाबाईनं हट्ट धरला, "मला माझी भिंत बघायची हाय. पुढच्या साली गुडघे चढू देतील का न्हाई, कोणाला ठावं?" तिचा मुलगा आनंदराज तहसिलीत कारकून. त्यानं शेजारच्या व्यंकटीची जुनी जीप ठरवली. नात लुंबिनीही निघाली.

सकाळी मला भरलं तर टपटप गळू लागले. आनंदराज म्हणाला, "आई, फेक की ही. फुटकी हाय."

"फुटकी न्हाई, तहानलेली हाय. कापड फुगू दे जरा."

तिनं मला स्वतः जीपच्या पुढं बांधलं. हिमायतनगर येईपर्यंत माझं गळणं थांबलं होतं.

वाटेत एका शेतावर सगळ्यांनी जाळावर भाजलेला हरभऱ्याचा हुळा खाल्ला. तोंडं काळी झाली, घसे कोरडे पडले आणि किनवटलाच आनंदराजच्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. पुढं डोंगर लागला. सागाची पानं झडली होती, पळस लाल फुलला होता. अर्ध्या घाटात जीपनं वाफ सोडली.

"घ्या साहेब, गाडीलाबी हुळा बाधला!" व्यंकटी म्हणाला.

आनंदराज घाबरला. "पाणी न्हाई. मागं फिरू. आई, पुन्हा कधी येऊ."

पंचफुलाबाईनं एकदा वर किल्ल्याकडं पाहिलं. मग खाली उतरून तिनं मला सोडलं. "अर्धं गाडीला, अर्धं आपल्याला. घे व्यंकटी."

"थांबा मावशी, आधी इंजन निवू द्या."

इंजिन निवल्यावर त्यानं फडक्यानं झाकण उघडलं. पाणी ओतताना माझी धार जराही डगमगली नाही. जीप चढली.

वर पायऱ्यांवर पंचफुलाबाई तीनदा बसली. तिन्ही वेळा माझं गार पाणी प्याली आणि उठली. शेवटी कोपऱ्यातल्या एका भिंतीवर तिनं तळहात टेकवला. "हीच ती."

लुंबिनीनं खडा उचलला. "आजी, इथं तुझं नाव लिहू?"

"टाक तो खडा! किल्ल्यावर लिव्हत असतेत का?"

"मग लोकांना कसं कळंल?"

"न कळू दे की. भिंत पडली का? न्हाई ना!" आणि ती मोठ्यानं हसली. आनंदराजनं कोणी न सांगता मला आपल्या खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसून खुंटीवर टांगलं म्हणजे ती जपली, असं समजू नका. मी कोरडी राहिले की माझा धागा आकसून विरळ पडतो, पाणी भरलं की फुगून घट्ट होतो. घरात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला खाली काढा. पहिल्यांदा थोडं गळेल. तेवढा धीर धरा आणि त्याला कामाला लावा.