सुभेदाराचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. माझ्यापाशी बसून कुणी जेवत नाही की अभ्यास करत नाही. तासगावच्या एका छोट्या जनावरांच्या दवाखान्यात मी उभा आहे. उभा म्हणजे, डुगडुगत उभा. माझा एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा आखूड आहे.

सांगलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवलं. अंग चकचकीत स्टीलचं. मोठा रुबाब होता माझा! पण इकडे येताना टेम्पो खड्ड्यात आदळला, दोरी सुटली आणि मी रस्त्यावर पडलो. वाकलेला पाय ठोकून सरळ केला, पण आखूड झाला तो झालाच. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. मांजरीनं नुसती शेपटी आपटली तरी मी टकटक वाजतो.

आमच्या डॉक्टर अपेक्षा कांबळे यांचा हात हलका आणि आवाज ठाम. मी हललो की बोलता बोलताच त्या डावा तळवा माझ्या कोपऱ्यावर दाबतात आणि मला गप्प करतात. लोक मात्र हसतात. "डॉक्टरबाई, पेशंटाच्या आधी टेबलालाच थंडी वाजतीया की!" नवीन टेबल घ्यायचं दरवर्षी ठरतं आणि दरवर्षी दुसरंच काही निकडीचं निघतं.

तरी माझ्यावर किती जीव येऊन गेले! पाय मोडलेली करडं, कान चावून घेतलेले बोके, काटा गिळलेलं मांजर. मी सगळ्यांचं ओझं सोसलं, सगळ्यांची धडधड ऐकली. त्यांना बोलता येत नाही आणि मलाही. त्यामुळे आमचं बरं जमतं.

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळी दार उघडतं न उघडतं तोच हिंदुराव आत आले. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा उंचापुरा माणूस. आपल्या कारवानी जातीच्या शिकारी कुत्र्याचं नाव त्यांनी सुभेदार ठेवलं होतं. "मला न्हाई मिळालं प्रमोशन, निदान कुत्र्याला तरी!" असं ते एरवी हसत सांगायचे. त्या दिवशी हसू नव्हतं. सुभेदार त्यांच्या हातांवर ओल्या पोत्यासारखा लोंबत होता. मागोमाग त्यांची थोरली बहीण, आक्काताई.

"पहाटेपासनं उलट्या करतोय, बाई. पाण्याला तोंड लावंना."

"काल काय खाल्लं यानं?"

"रोजचंच. दूध-भाकरी."

"शिळं मटण? उंदराचं औषध कुठं ठेवलं होतं?"

"न्हाई वो. मळ्यातल्या शेडवर राखणीला मी सोता असतो, तसलं काय न्हाई."

"आक्का, तुम्ही काही घातलंत?"

"आवं, मी काय घालणार? घरचंच खातोय त्यो."

डॉक्टरांनी ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं. तेवढ्यात सुभेदाराला धरायला आक्काताई वाकल्या आणि त्यांच्या कमरेच्या पिशवीतून एक बेदाणा माझ्यावर पडला. तो सरकत सुभेदाराच्या फासळ्यांखाली गेला. कुणालाच दिसला नाही.

मला मात्र कळला! आमच्या भागात बेदाणा कुठंही सापडतो, खिशात, उशाखाली, गाडीच्या सीटवर. पण याच जागी उभं राहून डॉक्टरांनी एका मुलीला बजावलेलं मी ऐकलं होतं, "कुत्र्याला द्राक्ष नको आणि बेदाणाही नको." आता डॉक्टर हातात सुई घेत म्हणत होत्या, "पोट बिघडलेलं दिसतंय. उलटी थांबायचं इंजेक्शन देते, घरी न्या, संध्याकाळी कळवा." घरी? माझा जीव कासावीस झाला. ओरडावं तर तोंड नाही. पळावं तर पाय आहेत, तेही असे!

सुभेदाराला पुन्हा उमासा आला. तो कळवळून अंग आवळून उठला आणि मी टक् करून कलंडलो, तसा बेदाणा घरंगळत कोपऱ्यात गेला. डॉक्टरांचा तळवा सवयीनं माझ्या कोपऱ्याकडे झेपावला आणि त्याला काहीतरी चिकटलं. त्यांनी हात उलटा करून पाहिला.

"हा कुणाचा?"

"माझ्या पिशवीतला. कालच आमच्या शेडवरचा बेदाण्याचा पहिला माल निघाला नव्हं!"

"आक्का, सुभेदाराला दिलात?"

"दिला की. पयल्या मालाची एक मूठ देवाला आनि एक राखणदाराला. आमच्यात तशी रीतच हाय. लय आवडीनं खाल्ला. आनि एक मूठ मागून घेतली."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"आवं, ते खाणं कुठं? त्यो परसाद. त्याचा वाटा."

डॉक्टरांनी इंजेक्शन खाली ठेवलं. बेदाणा काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतो, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. आक्काताईंनी कमरेची पिशवी सोडून लांब सारली.

"म्हंजी माझ्याच हातानं..."

"मायेनंच दिलंत. आता रडू नका, त्याचं डोकं धरा."

सलाईन सुरू झालं. "हा मुतला तर जिंकलो," डॉक्टर म्हणाल्या. मग काय, सगळे वाट बघत बसले. दुपार झाली, ऊन भिंतीवर चढलं. हिंदुराव दारापर्यंत जात आणि परत येत. "सुभेदारसाहेब, हुकूम हाय, चला उरका," ते पुटपुटत. आक्काताईंनी त्याचं डोकं सोडलं नाही. आणि मी? थेंब पडेल तसतसा मी आतून थरथरत होतो. पण सुई हलू नये म्हणून जन्मात पहिल्यांदा स्थिर राहायची धडपड करत होतो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा माझ्या थंड अंगावर काहीतरी ऊन ऊन पसरलं.

"मुतला!" हिंदुराव एवढ्यानं ओरडले की बाहेरची शेळी दावं तोडून पळाली. त्यांनी टाचा जुळवून सुभेदाराला कडक सलाम ठोकला. आक्काताई माझं अंग आपल्या पदरानंच पुसू लागल्या. मित्रांनो, मला आजवर पुष्कळ जणांनी ओलं केलं आहे, पण इतका मान मला कधी वाटला नव्हता.

पुढेही काही दिवस सुभेदार सलाईनला येत राहिला आणि बरा झाला. राखणदाराचा वाटा आता भाकरीचा असतो.

शेवटच्या दिवशी हिंदुरावांनी बेदाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा घडी घालून माझ्या आखूड पायाखाली सरकवला. "तू बी आता आरामात ऱ्हा, गड्या."

तेव्हापासून मी हलत नाही. सगळे कौतुक करतात. पण कुणी आजारी जीव माझ्यावर ठेवून "काही नाही हो, घरचंच खाल्लंय" म्हणतं, तेव्हा मी आतल्या आत तळमळतो. म्हणून सांगतो, मित्रांनो, आपल्या मुक्या सोबत्याला प्रेमानं दिलेला घाससुद्धा डॉक्टरांना सांगा. त्याला बोलता येत नाही, आणि मला आता डुगडुगताही येत नाही.