पाय नसलेला गणपती

"पलक झपकी, तो कृपा गई!" महाराज गरजले आणि फूलबागेजवळच्या मंडपातली तीनशे माणसं फळीवरच्या हिरव्या गणपतीकडे टक लावून बसली. अर्ध्या मिनिटाने फळी हटली. मागे नुसती पांढरी चादर, आणि चादरीवर तांबूस गणपती!

"दिसला, दिसला!" बायका रडू लागल्या.

"जिसे दर्शन हुए, उसकी आँख निरोगी! चाकू-कैंची की ज़रूरत नहीं!" महाराजांनी घरी साधनेसाठी हिरव्या गणपतीचे कागद वाटले.

मंदाताईंनी कपाळावर हात मारला. त्यांचे यजमान जगदेवराव हात जोडून डोलत होते. चार दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यात विजा चमकल्या, मग खालून काळोख चढू लागला. आतला पडदा सुटतोय, उद्या सकाळीच ऑपरेशन, नाहीतर डोळा जाईल, असं आजच डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ऑपरेशन कॅन्सल," जगदेवराव म्हणाले. "देव दिसला मला. अख्खा."

नया बाजारातल्या घरापर्यंत मंदाताई बोलून बोलून थकल्या. घरी शेजारची गरिमा वाट बघत होती. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर तपासायची. तिनेही समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात मंदाताईंची नजर खुंटीवरच्या लाल कापडाकडे गेली. जगदेवराव चाळीस वर्षं लग्नांत पगड्या बांधत आले होते.

"अहो, दिवसभर लाल पगड्या बांधल्या की तुम्हाला भिंत कशी दिसते?"

"हिरवट. लाल बघून डोळे थकतात. त्यात काय?"

"मग भिंतीवर दिसतो तो हिरवा देव कोणता, ते महाराजांना विचारलंत का कधी?"

गरिमाने संधी साधली. "काका, डोळ्याच्या पडद्यात रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात. हिरव्याकडे टक लावली की हिरव्याच्या पेशी थकतात. मग पांढरं बघितलं की त्यांचा आवाज कमी पडतो, लालच्या पेशी जोर करतात. पुढच्या पेशी तुलना करून तोच निरोप मेंदूला धाडतात. गणपती चादर पर नहीं, आपकी आँख में है."

"असेल. पण डोळा बरा झाला ना माझा?"

"बघूच," म्हणत मंदाताईंनी पगडीच्या कापडाने त्यांचा चांगला डावा डोळा बांधला आणि महाराजांचा कागद उजव्या डोळ्यापुढे जवळ धरला. "हलू नका." तीस आकडे मोजले आणि कागद काढला. समोर पांढरी भिंत.

"दिसला?"

"दिसला! मुकुट... सोंड... हात..."

"आणि पाय?"

जगदेवराव बराच वेळ बघत राहिले. ज्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्या देवाला कमरेखाली काहीच नव्हतं.

"पाय नाहीत गं, मंदा."

"पडदा सुटलाय तिथल्या पेशी काम करत नाहीत, काका," गरिमा हळूच म्हणाली. "मंडपात पाय दिसले ते डाव्या डोळ्यामुळे."

"सकाळी किती वाजता निघायचं?" जगदेवरावांनी विचारलं.

सकाळी दवाखान्याकडे निघालेली रिक्षा फूलबागेवरून चालली होती. मंडपात कालच्यापेक्षा जास्त गर्दी बसली होती. कुणाच्या डोळ्यात मोतीबिंदू, कुणाच्या डोळ्याला पट्टी. मंदाताईंना राहवलं नाही. रिक्षा थांबवून त्या ओरडल्या, "अरे, देवाला हात जोडा, पण डोळा डॉक्टरला दाखवा! एकेक डोळा झाकून बघा! इतकं तरी स्वतः तपासा!"

कुणी मान वळवली नाही. सगळे हिरव्या गणपतीकडे टक लावून बसले होते. पापणी हलली तर कृपा जाणार होती.