ई-ए-आरचं पान

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची आणि, आधीच सांगून टाकते, भित्री.

माझी मालकीण घड्याळं दुरुस्त करते. रविवारी वाचनालयात इंग्रजी शब्दांचा खेळ रंगतो, त्यासाठी तिनं मला घेतलं. माझ्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तीन अक्षरं. खाली, ती तिन्ही ओळीनं पोटात असलेले शब्द. ए-आर-टीच्या पानावर कार्ट, पार्टी, स्टार्ट, क्वार्टर. नवा शब्द आधी पेन्सिलीनं. शब्दकोशात सापडला तरच शाईनं.

खेळात खोटा शब्द लावला आणि समोरचा 'हरकत' म्हणाला, की डाव गेला. म्हणून खात्री नसेल तर ती तोंडच उघडत नसे. "बाई मिठाची गुळणी धरतात आणि शेवटी सगळ्यांना लोळवतात," असं ग्रंथपाल म्हणायचे. मी फुगून जायची.

नंतरची पानं कोरी आहेत.

एका सकाळी दुकानातच तिच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हात वाचले. वाचा गेली. "बोलतं करत राहा," डॉक्टर म्हणाले, "हे पहिले महिनेच हातात आहेत."

धाकटी बहीण कपडे शिवते. ती रोज मला उघडते, खालचे शब्द पोस्टकार्डानं झाकते.

"ताई, ई-ए-आर. एक तरी सांग."

ताईचे ओठ 'इयर'पाशी येतात. मिटतात.

'फिअर'पाशी येतात. मिटतात.

मी खालून बघत होते, म्हणून मला कळलं. शब्द गेलेले नाहीत. ती खात्री होण्याची वाट बघतेय. ही सवय तिला लावली कुणी? मी. माझ्या पानापानांत गारठा भरला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

पहिला महिना.

दुसरा.

तिसऱ्यात एक दिवस धाकटी म्हणाली, "तू कायमची अशीच राहिलीस तर मी भांडू कुणाशी, ताई?"

मग तिनं डोळे पुसले, पोस्टकार्ड भिरकावलं आणि शाईचं पेन उचललं. "नाही ना बोलत? मग मीच लिहिते. मला कुठं येतं तुझं इंग्रजी. टेबल."

ई-ए-आरच्या पानावर टेबल! आणि शाईनं! मला वाटलं, आता हे पान फाडणार.

"पुढं सोफा लिहू?"

ताईचा हात पेनवर आदळला.

"ह," ती म्हणाली. "हर. हरकत."

धाकटी हलली नाही. घाबरली होती, हललं तर ते विरून जाईल म्हणून. मग हळूच म्हणाली, "बरं. मग खरा तू सांग. चुकला तरी चालेल, मी शाईनंच लिहिणार."

ताईनं खूप वेळ घेतला. "पर," ती म्हणाली. पर्ल म्हणायचं होतं तिला.

धाकटीनं तेवढंच लिहिलं, मराठी अक्षरांत.

मित्रांनो, ते अजून माझ्यावर आहे. ई-ए-आरच्या पानावर कुठलाच इंग्रजी शब्दकोश ते मानणार नाही. कुणी नीटनेटकं माणूस मला हातात घेईल, याची मला रोज धास्ती वाटते. तुम्ही घेतलंत, तर एवढं करा: ते पान फाडू नका.