सावली पडेल असा पडदा

"काय दिसू नये ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे कापड दाखवतो," दुकानदार एल्झो म्हणाला.

"काय दिसावं ते सांगते," मी म्हटलं. "आत एक माणूस बसलाय हे रस्त्यावरून नीट दिसलं पाहिजे. पण कोण बसलाय ते कळता कामा नये."

एल्झोने चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे बघत राहिला. तीस वर्षं गुंडाळी पडदे विकतोय बिचारा. असं मागणारं गिऱ्हाईक त्याच्या दुकानात पहिल्यांदाच आलं असणार.

"रेनस्केबाई, तुमची गल्ली कुठली?"

"केर्कपाड. आणि हो, आमच्याकडे कुणी पडदे लावत नाही, माहितीये मला. म्हणून तर लावायचाय."

आमच्या गल्लीत संध्याकाळी सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात. दिवे लागलेले, माणसं जेवताहेत, कुणी टीव्हीसमोर पाय पसरून बसलंय, आणि येणारा-जाणारा नजर न रोखता बघून पुढे जातो. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, असं त्यातून सांगायचं असतं. पडदा ओढला की आत काहीतरी काळंबेरं आहे, असं लोक धरून चालतात. मीही आयुष्यभर तसंच धरत आले. आणि माझ्या समोरच्या घरात राहायच्या मेंसिंगाबाई. या बाईला न रोखता बघणं कधी जमलंच नाही. खिडकीत खुर्ची, खुर्चीत उशी आणि मांडीवर विणकाम. ते विणकाम अकरा वर्षांत वीतभरसुद्धा वाढलं नाही.

या बाईने माझा वुब्बो घालवला.

वुब्बो कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडण्याच्या कामावर होता, बहिणीकडे राहायचा. नवरा गेल्यावर सहा वर्षं मी एकटीने काढली, आणि मग हा उंच, अबोल माणूस बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जेवायला यायला लागला. दोनदा सूप घ्यायचा, चमचा चाटायचा, भांडी घासायचा. कधी राहायचा, कधी जायचा. मला विधवेचा भत्ता मिळतो. घरात माणूस आणून संसार मांडला की तो बंद होतो. आम्ही संसार मांडलेला नव्हता. मांडावा की नाही, एवढंच चाललं होतं आमचं, तेही हळूहळू, कारण वुब्बो कुठलीच गोष्ट भरभर करत नसे.

ऑगस्टमध्ये भत्त्याच्या ऑफिसमधून दोन माणसं आली. एक बाई, एक बाप्या. घरातले दात घासायचे ब्रश मोजले, दाढीचं सामान बघितलं. बाईच्या हातात कागद होता, त्यातून ती विचारत होती: बुधवारी आणि शनिवारी पुरुष येतो का? सूप दोनदा घेतो का? चमचा चाटतो का?

चमचा! अहो, चमचा चाटतो हे समोरच्या खुर्चीतून सोडून जगात कुठून दिसणार होतं?

भत्ता गेला नाही. ताकीद मिळाली. पण वुब्बोने त्याच शनिवारी आपलं दाढीचं सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलं. "माझ्यामुळे तुझी भाकरी जायला नको," म्हणाला आणि सायकलवर बसला. मी त्याला थांबवलं नाही. माझं सगळं लक्ष समोरच्या खिडकीकडे होतं. सटवी विणत होती.

"एल्झो," मी म्हटलं, "तो दिवा घ्या, मागे ठेवा, आणि तुम्ही स्टुलावर बसा. मी कापड धरते."

"मी?"

"मग काय मी एकाच वेळी दोन्हीकडे बसू?"

बसला बिचारा. पहिलं कापड जाड, अंधार करणारं. काही दिसेना. "हे झोपायच्या खोलीसाठी असतं," तो आतून म्हणाला. दुसरं विरळ विणीचं. त्यातून दिवसा आतल्याला बाहेरचं दिसतं आणि रात्री दिवा लावला की बाहेरच्याला आतलं. त्यातून एल्झो बटणांसकट दिसत होता. तिसरं सायीच्या रंगाचं, साधं सुती. त्यावर सावली अशी पडली, की खांदे खांद्यासारखे आणि डोकं डोक्यासारखं. फक्त एक अडचण होती.

"तुमचं नाक ओळखू येतंय."

"हे नाक कुठल्याही कापडातून ओळखू येईल, बाई," एल्झो म्हणाला. "माप काय? चौकटीच्या आत बसवायचा की बाहेर?"

"फरक काय पडतो?"

"आत बसवला तर दिसायला नेटका. पण दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते."

"बाहेर बसवा. दोन्हीकडे टीचभर जास्त कापड सोडा. फट अजिबात नको."

उठताना त्याने विचारलंच. "कुणासाठी एवढं?"

"समोरच्या बाईंसाठी," मी म्हटलं. त्याने पुढे विचारलं नाही. समोरची बाई प्रत्येकाला असते.

माणूस मला जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला. शिंप्याकडे असते तशी कापड भरलेली बाहुली होती, मान नसलेली आणि छातीला जरा जास्तच भरलेली. मी तिच्या खांद्यांना उशा बांधल्या, वर माझ्या नवऱ्याचा, हार्मचा, जाडा कोट चढवला. डोकं म्हणून लाल कोबी खोचला आणि त्याच्यावर हार्मची टोपी. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून, दिवा मागच्या कपाटावर ठेवून, मी रस्त्यावर जाऊन बघून आले. काय रुबाब! असा नवरा मला जन्मात मिळाला नव्हता.

मग रोज संध्याकाळी सहाला माझ्याकडे पंगत बसायला लागली. सहाच्या सुमाराला आमच्याकडे गल्लीतला प्रत्येक माणूस ताटावर असतो. त्या वेळी कुणी कुणाची बेल वाजवत नाही, फोनसुद्धा करत नाही. म्हणजे मेंसिंगाबाईंना येऊन खात्री करून घ्यायची सोय नव्हती. मी पडदा खाली ओढायची, दोन ताटं मांडायची, समोर बसायची आणि हातवारे करून बोलायची. त्याच्या पेल्यात ओतायची. एकदा तर उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चांगली मिनिटभर उभी राहिले. समोरच्या घरात त्या मिनिटाला काय झालं असेल या विचाराने मला रात्री झोपेत हसू आलं.

कोबी आठवड्याने सुकायचा. मी नवा आणायची. जुन्याची भाजी करायची.

दिवसा मेंसिंगाबाई बेकरीत भेटल्या की मी मुद्दाम जास्तीचा पाव घ्यायची. "हल्ली भूक वाढलीये वाटतं, रेनस्के?" त्या म्हणायच्या.

"घरात खाणारं असलं की संपतो हो," मी म्हणायची.

डोळे असे लकाकायचे बाईचे! मी घरी येऊन कोबीला म्हणायची, लागला बघ मासा गळाला. तीन आठवडे मी एवढी आनंदात होते, की कित्येक वर्षांत तशी नव्हते. खोटं कशाला बोलू? सूड ही फार सोबतीची गोष्ट आहे.

डिसेंबरच्या एका गुरुवारी, पाचला, अंधार पडता पडता बेल वाजली. तीच बाई, तोच बाप्या, हातात नवा कागद. मी त्या दिवशी दिवा लवकर लावला होता, आणि दोघांनी रस्त्यावरून सावली पाहिलेली होती. तोंडं अशी गंभीर केली होती, जसं काही मी आत दारू गाळतेय.

"आत कोण आहे?" बाईने विचारलं.

"या की, ओळख करून देते."

बाप्या पुढे झाला, खुर्चीसमोर उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून नुसतं "अं?" एवढंच निघालं. बाईने टोपी उचलली. खालून कोबी.

"हे गृहस्थ उद्या शिजायचे आहेत," मी म्हटलं. "भत्त्यातून कापायचं असेल तर अर्धा किलो लिहा."

बाप्या हसायला लागला. बाई आधी चिडली, मग कागदाकडे बघून तिचे कानच लाल झाले. "इथे तर लिहिलंय, टेबलावरही टोपी काढत नाही, म्हणजे टक्कल असणार, स्वभावाने हेकट वाटतो."

"हेकट खराच. तीन आठवड्यांत एक शब्द बोलला नाही."

मग मी ज्यासाठी हे सगळं केलं होतं ते केलं. साखळी ओढली आणि पडदा सरसर वर नेला. समोर, आपल्या खिडकीत, मेंसिंगाबाई उभ्या होत्या. विणकाम खाली पडलेलं. मी बाहुली कोटासकट, कोबीसकट काखेत मारली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या दारात नेऊन उभी केली. बेल दाबून धरली. आजूबाजूची दारं उघडली. बेकरीवाला आणि त्याची बायको आली, कोपऱ्यावरचे वाद्य शिकवणारे मास्तर आले, ऑफिसची ती दोघंही माझ्यामागे येऊन थांबली.

"मेंसिंगाबाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हा घ्या तुमचा माणूस. तुम्हीच याची एवढी काळजी घेतलीत, पत्ता लिहून कळवलंत, तर आता तुम्हीच जेवू घाला याला."

कुणीतरी फुसकन हसलं. बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "म्हणजे आमच्या पोराच्या गाडीचंही यांनीच कळवलं होतं तर!" मास्तर म्हणाले, "आणि माझ्या शिकवण्यांचं!" एकेकाला आपापलं आठवायला लागलं. मेंसिंगाबाईंचा चेहरा पिठासारखा झाला. बहात्तर वर्षांची बाई, पण मला तिची कणभरसुद्धा दया आली नाही. मी मनात म्हटलं, भोग आता, पोटभर भोग.

लोक पांगले. ऑफिसवाले गेले. मी बाहुली उचलायला वाकले तेव्हा मेंसिंगाबाई हळूच, जवळजवळ प्रेमाने म्हणाल्या, "दोन आठवड्यांपूर्वी आला होता तो."

"कोण?"

"तुझा पूलवाला. बुधवारी, सहाला. दाढी केलेली, नवा मफलर, हातात फुलं. इतक्या थंडीत सायकल धरून तुझ्या पडद्यासमोर उभा राहिला. तू त्या वेळी याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होतीस." त्यांनी कोबीकडे बोट दाखवलं. "जेवणाच्या वेळी बेल कशी वाजवणार? भला माणूस. फुलं पुलाच्या बाजूला पाण्यात टाकली असतील त्याने. ते काही मला इथून दिसलं नाही."

"खोटं बोलताय तुम्ही."

"मी?" त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

बाई दुष्ट होती, पण जे डोळ्यांनी पाहिलं त्यात अकरा वर्षांत कधी चुकलेली नव्हती. चुकली ती एकदाच, आणि ती मी चुकवली म्हणून. मी घरी आले आणि बाहुली काखेतच धरून फोन लावला.

"वुब्बो, तू आला होतास?"

तो म्हणाला, "आलो होतो. बरं चाललंय ना तुझं? अंगाने भारदस्त वाटला माणूस."

मला हसूच फुटलं. "अरे, माणूस कसला! शिंप्याची बाहुली होती ती, वर कोबी!" आणि मी त्याला सगळं सांगितलं. एल्झोचं नाक, उशा, हार्मची टोपी, बाईचे लाल झालेले कान. चांगलं रंगवून सांगितलं. तो एकदाही हसला नाही.

"मी सांगायला आलो होतो," तो शेवटी म्हणाला, "की जाऊ दे तो भत्ता. माझ्या पगारात दोघांचं भागेल."

"मग भागवू या की! ये ना आत्ताच!"

"म्हणजे तीन आठवडे, रोज सहाला, तू ताट मांडलंस."

"हो ना!"

"त्या बाईसाठी."

मी बाहुली खाली ठेवली.

"मी सात मिनिटांवर होतो, रेनस्के. चार महिने पुलाच्या खोलीत फोन समोर ठेवून बसत होतो. तिच्यासाठी तू कापड निवडलंस, खिडकी मापलीस, बाजारातून कोबी आणलेस. मला एक फोन केला नाहीस."

"आता केलाय ना."

"त्या संध्याकाळीच पार दूर, झीलंडला बदली मागितली मी. मिळाली. परवा निघतोय."

"वुब्बो, अरे, रद्द कर. मी येते. सायकल काढते आणि येते."

"नको," तो म्हणाला. मागून त्याच्या बहिणीने हाक मारलेली मला ऐकू आली. "सहा वाजले. इथे पानं वाढलीयेत. ठेवतो."